डाव्या हाताने काढलेली चित्रं

माझ्या मुलीची नर्सरीची फाइल आमच्या कपाटावर ठेवलेली आहे. जांभळं कव्हर, वर तिचा फोटो, आत बावीस चित्रं. घर, फुगे, मासा, छत्री, माझं कुटुंब. घरी कोणी आलं की नवरा हौसेने ती खाली काढतो आणि म्हणतो, बघा, साडेतीन वर्षांची असताना काढलीत. पाहुणे कौतुक करतात. मी तेवढ्यात चहा ठेवायला आत जाते. त्यातलं एकही चित्र तिने काढलेलं नाही. बाविसच्या बावीस मी काढलीत, आणि हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

मी चार वर्षं भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका प्ले-स्कूलमध्ये टीचर होते. तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एकत्र करून केलेली शाळा. ग्रिलला प्लास्टिकची वेल, भिंतीवर डोळे वटारलेला हत्ती, आणि जिथे कधीकाळी कोणाचं स्वयंपाकघर होतं त्या ओट्यावर रंगांच्या बाटल्या. शाळेच्या मालकीणबाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. मॅडमना मुलं आवडत, पण पालक त्याहून जास्त आवडत. आणि पालकांना आवडत असे फाइल.

दिवाळीच्या आधी आणि वर्ष संपताना ओपन हाउस असायचं. टेबलांवर रंगीत कागद अंथरून प्रत्येक मुलाची फाइल मांडायची. पालक यायचे, पानं उलटायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे गावच्या ग्रुपवर टाकायचे. आता तुम्हीच सांगा, साडेतीन वर्षांचं मूल काय काढतं? रेघोट्या काढतं. गोल सुरू करतं आणि तो बंद करायचा विसरतं. तसलं पान कोण ग्रुपवर टाकणार? म्हणून मुलं बारा वाजता घरी गेली की आम्ही टीचर लोक खाली बसून मुलांच्या फाइली भरायचो. आमच्यात शब्दच होता तो, 'फाइल भरणे'. मुलांचं स्वतःचं म्हणावं असं त्यात एकच पान असे, हाताच्या पंजाच्या ठशाचं. तोही नीट उठला नाही तर आम्ही ब्रशने बोटं भरून काढायचो.

सुरुवातीला माझी चित्रं फार नीट यायची. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ती परत केली. म्हणाल्या, "टीचर, ये तो बडों का लगता है. लेफ्ट हँड से बनाओ, एकदम बच्चों जैसा आएगा." मी पेन्सिल डाव्या हातात घेतली, आणि खरंच, छप्पर जरा कललं, सूर्य जरा चेपला. वाकडं, पण छान वाकडं. खरं मूल काढतं तसं बेशिस्त वाकडं नव्हे. पालकांना परवडेल इतकंच वाकडं. दुसऱ्या वर्षापर्यंत माझा डावा हात इतका बसला की बाकीच्या टीचरही त्यांच्या वर्गाची कठीण पानं माझ्याकडे आणून द्यायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लिहायची लाज वाटते, पण वाटायचा.

लाज अशासाठी की मी अडाणी नव्हते. बालशिक्षणाचा रीतसर कोर्स करून आले होते. मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे कळलंय ते काढतं. रेघोट्या हे त्याचं पहिलं बोलणं असतं. मोठ्यांनी त्याच्या चित्राला हात लावू नये. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, खाली पट्टीने रेघ मारून. त्या उत्तराला चांगले मार्क मिळाले होते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, एवढं मात्र कोर्समध्ये नव्हतं. ते नोकरीत शिकले.

माझ्या आईला या नोकरीचं फार अप्रूप होतं. मराठवाड्यातून इकडे आली तेव्हा इथल्या निम्म्या बिल्डिंगा उभ्या राहायच्या होत्या. तिने त्या बिल्डिंगांवर सिमेंटची घमेली वाहिली, पेणकरपाड्यात एक खोली केली आणि मला शिकवलं. आमच्या घरात देव्हारा नाही. त्या जागी एक फळी आहे, तिच्यावर माझी पुस्तकं असायची. माझी मुलगी आईकडेच वाढली. फाइलींचे दिवस सोडले तर शाळा सुटली की मी तिला आईकडे सोडायचे. फाइलींच्या दिवसांत ती माझ्या शेजारी छोट्या खुर्चीवर डबा खात बसायची आणि मी डाव्या हाताने काय काय करते ते बघत राहायची. मला वाटायचं, तिचं लक्ष डब्यात आहे.

वर्षाखेरीच्या ओपन हाउसला दोन दिवस राहिले होते. 'माय फॅमिली'चं पान बाकी होतं. सहज म्हणून मी तिला एक कागद आणि खडू दिले. ती इतकी दाबून काढत होती की टेबल हलत होतं. थोड्या वेळाने बघितलं तर कोपऱ्यात एक लहानसा गोल, त्याला दोन काड्या, आणि उरलेल्या कागदभर काळं. नुसतं काळं, एका जागी कागद फाटेपर्यंत.

"हे कोण?" मी विचारलं.

"आजी."

"आणि हे काळं काय?"

"आजीचा खोकला."

"एवढा मोठा?"

"मोठाच आहे. तो आला ना, की आजी छोटी होते."

मला आधी हसू आलं आणि मग हसू गेलं. सिमेंटने आईच्या छातीत घर केलं होतं. तो खोकला मी इतकी वर्षं ऐकत होते, पण तो आला की आई छोटी होते हे मला दिसलं नव्हतं. ते या पोरीला दिसलं होतं, आणि तिने ते कागदावर ठेवलं होतं. त्या शाळेतल्या माझ्या चारही वर्षांत निघालेलं एकमेव खरं चित्र माझ्या हातात होतं, आणि ते खरं आहे हे कळण्याइतकं शिक्षणही माझ्याकडे होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी कागद उचलला आणि लांब धरला. "ये क्या है? टीचर की बेटी की फाइल तो सबसे पहले देखते हैं लोग. ये देखके क्या सोचेंगे?"

वाद घातला असता तर मॅडमनी मला काढलं नसतं, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. ओपन हाउस दोन दिवसांवर असताना माझ्यासारखा डावा हात त्यांना मिळाला नसता. पण मी तो कागद चुरगाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला, संत्र्याच्या सालींवर. मुलगी बघत होती. मग मी नवं पान घेतलं आणि डाव्या हाताने काढायला लागले. मम्मी, पप्पा, त्रिकोणी फ्रॉकमधली मुलगी, हसणारी आजी. पाच पाकळ्यांचं फूल. कोपऱ्यात सात किरणांचा सूर्य.

ओपन हाउसच्या दिवशी एका बाईंनी तेच पान उघडून तिला विचारलं, "ये किसने बनाया, बेटा?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "मम्मीने."

मॅडम हसत होत्या त्या तशाच हसत राहिल्या, पण डोळे माझ्यावर आले. मी खाली बसले आणि तिचा दंड धरला, जरुरीपेक्षा जोरात. "असं काय सांगतेस? तूच काढलंस ना? मम्मीने फक्त पेपर दिला."

तिने बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "हो. मी काढलं."

"शरमाती है," त्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्यानंतर तिने घरी चित्र काढलं नाही. मला ते कळायला फार दिवस लागले. उलट बरंच वाटलं होतं. शेजारच्या मुलांनी भिंती रंगवून ठेवल्या होत्या, आमच्या भिंती स्वच्छ. शेजारणी म्हणायच्या, किती शहाणी पोरगी आहे. ज्युनियर, सीनियर केजी तिने त्याच शाळेत काढली. तिथे प्रत्येकच मुलाची फाइल भरली जात होती, मग कोणाला काय कळणार?

कळलं ते पहिलीत. मीरा रोडच्या मोठ्या शाळेत तिला घातलं आणि दिवाळीच्या आधी वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "तोंडी सगळं येतं तिला. हुशार आहे. पण मनाने काही काढा, लिहा म्हटलं की पेन्सिल मुठीत धरते आणि हात पुढे करून बसते. आपण हात धरला की गिरवते. सोडला की थांबते. घरी कोणी हात धरून करून घेतं का?"

"नाही," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. ओपन हाउसला मी पोरीला जे शिकवलं होतं, ते मलाही चांगलं येत होतं.

संध्याकाळी पेणकरपाड्याला जाऊन मी आईला सगळं सांगितलं. चुरगाळलेल्या चित्रापासून सगळं. आई तांदूळ निवडत होती. खोकल्याची उबळ येऊन गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट बघितलं. खरंच ती छोटी होत होती.

मग ती म्हणाली, "मी अंगठेबहाद्दर बाई. रेशनवर, बँकेत, कुठंबी अंगठाच. पण माझा अंगठा मी लावते. तुझ्या लेकराचा तर तूच लावलास." सूप बाजूला ठेवत तिने विचारलं, "कामून शिकलीस मग तू?"

त्या महिन्यात मी नोकरी सोडली. मॅडमना आठवड्याच्या आत दुसरी टीचर मिळाली. मला वाटलं होतं, माझ्यावाचून काहीतरी अडेल त्यांचं. कशाचं अडतंय? मी मात्र घरी आल्यावर मोठं प्रायश्चित्त घेतल्याच्या थाटात वावरत होते. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी मुलीपुढे कोरा कागद ठेवला. नवरा बाहेर गेला होता. म्हटलं, "तुला हवं ते काढ. मी हात लावणार नाही."

तिने पेन्सिल मुठीत धरली आणि हात पुढे केला. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले. ती वाट बघत होती, मीही बघत होते.

"चुकलं तर?" तिने विचारलं.

"चुकू दे."

"फेकणार?"

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. "नाही फेकणार," मी म्हटलं.

मग तिने हात मागे घेतला आणि कागद स्वतःकडे ओढला. मला इतका आनंद झाला की मी श्वास धरून बसले. एकदा ते काळं येऊ दे, मनात म्हणत होते, कागद फाटू दे, टेबल फाटू दे.

माझी मुलगी उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने बॉल फेकते. तिने पेन्सिल उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतली. सावकाश, जीभ दातांत धरून, तिने एक त्रिकोणी फ्रॉक काढला. पाच पाकळ्यांचं फूल काढलं. कोपऱ्यात सूर्य, त्याला मोजून सात किरण. घराचं छप्पर जरासं कललेलं, हवं तेवढंच. मी काढायचे तस्संच.

काढून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मम्मी, लहान मुलांचं असंच काढतात ना?"