तोडायच्या खात्यातली तोफ

कारखान्यात सगळी माणसं जोडायचं काम करायची आणि ही एकटी तोडायचं. तांब्याच्या बारीक तारा पिळायच्या, वरून जाळी विणायची, त्यावर कव्हर चढवायचं आणि गिऱ्हाईक मागेल तशी केबल बनवून द्यायची, हा तिथला धंदा. लिफ्टसाठी चपटी, वेल्डिंगसाठी मनगटाएवढी, विहिरीतल्या पंपासाठी पाणी न पिणारी. प्रत्येक मालाचा एक तुकडा हिच्या मशीनवर यायचा. आतली तार तुटेस्तोवर मशीन तो इकडून तिकडे वाकवत राहायचं. तार तुटली की समोरचा दिवा विझायचा, आणि माल पास की नापास ते ही सांगायची.

हिला सगळे तोफ म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. एकदा फाटकावर एका ट्रकवाल्यानं हिला बघून शिट्टी मारली; पुढच्या खेपेला तो आला तो दोन दात कमी घेऊन. नापास माल गुपचूप गुंडाळून ठेवणाऱ्या एका कामगाराला हिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत लाथ घातली होती, तीही त्याच्या हातात जेवणाचं ताट असताना. मालकानं बोलावून समज दिली, तर मालकालाच चार शब्द ऐकवून आली. बाई मनानं वाईट नव्हती हो, पण हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून.

आईबाप गेले तेव्हा धाकटी बहीण फ्रॉकात होती. हिनं स्वतःचं लग्न केलं नाही, पण धाकटीला वाढवलं, शिकवलं आणि उजवलं. लाडानं पोर बिघडतं आणि माराला भिऊन सरळ चालतं, हे हिचं ठाम मत, आणि धाकटीला हिनं सरळ चालवलंही होतं.

धाकटीला एक लहान मुलगी होती, आणि तिचा नवरा याच कारखान्यात पीळखात्याचा मुकादम. एक नंबरचा गोडबोल्या, ‘ताई’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करायचा नाही. स्थळ तोफेनंच पाहिलेलं, त्यामुळं ती त्याला कौतुकानं जावईबापू म्हणायची. धाकटी कामाला होती पांढऱ्या खोलीत, जिथं दवाखान्याच्या केबली बनत. पेशंटच्या छातीचे ठोके मोजणाऱ्या यंत्राच्या, पोटात घालायच्या कॅमेऱ्याच्या. अंगात पांढरा झगा, वर टोपी आणि मास्क लावून, भिंगाखाली, केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या. या केबलचं कव्हर इतकं मऊ की गालाला लावून बघावंसं वाटे. कितीही दिवस अंगाला घासलं तरी पेशंटच्या कातडीला ओरखडा येता कामा नये, अशी गिऱ्हाइकाची अटच होती.

धाकटी अलीकडे फार पडायला लागली होती. कधी जिन्यावरून, कधी बाथरूममध्ये पाय घसरून. तोफ तिला ‘आंधळी मेली’ म्हणून शिव्या द्यायची. त्या दिवशी जेवणाच्या सुटीत धाकटी हात धुवायला वाकली आणि झग्याचा गळा मागून सरकला. मानेखाली दोन निळ्या रेघा दिसल्या, शेजारी शेजारी, आणि मधे पांढरी पट्टी. तोफेनं तिला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं आणि झगा खाली केला. पाठभर तेच होतं, कुठं जुनं पिवळं पडलेलं, कुठं ताजं.

जिना असा मारत नाही. गोल वस्तूचा सणसणीत फटका बसला की रक्त दोन्ही कडांना साकळतं आणि मधली कातडी पांढरी राहते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या वस्तूची जाडी. तोफेनं खिशातला नमुन्याचा तुकडा काढून पाठीवर टेकवला, तो बरोबर बसला. दवाखान्याची केबल. कुठं कातडी फाटलेली नव्हती की रक्त आलेलं नव्हतं. अख्ख्या कारखान्यातून मुकादमानं निवडून हीच घरी नेली होती.

कधीपासून चाललंय, तोफेनं विचारलं. धाकटी झगा वर ओढत राहिली.

तोफ निघाली ती थेट पीळखात्यात. वाटेत वेल्डिंग केबलचा हातभर तुकडा उचलला. पीळखात्यात मोठाले पिंजरे गरगर फिरत असतात, पिंजऱ्यांत तारांची जड रिळं, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मुकादम पाठमोरा उभा होता.

‘जावईबापू,’ तिनं ओरडून हाक मारली, आणि तो हसत वळला तशी केबल त्याच्या कानशिलात बसली.

तो गुडघ्यावर आला. दुसरा फटका खांद्यावर पडला, तिसऱ्यानं ओठ फाटला. पण तोही काही लेचापेचा गडी नव्हता. त्यानं तिचे पाय ओढून तिला पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या, केस धरून कपाळ फरशीवर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी हिनं त्याचा अंगठा दातांत धरला तो हाड लागेपर्यंत सोडला नाही. कामगार गोल करून उभे होते. मधे पडायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुकादमाला पडणारा मार काहींना गोडच लागत होता. शेवटी कॉलर धरून हिनं त्याला फरफटत पिंजऱ्यापाशी नेलं. काम लवकर उरकावं म्हणून पिंजऱ्यापुढची जाळी मुकादमानंच काढून ठेवली होती. त्याचं उजवं मनगट पिरगाळून तिनं फिरत्या रिळांसमोर धरलं आणि आत रेटलं.

तेवढ्यात कुणीतरी लाल बटण दाबलं. पिंजरा थांबता थांबता एक रीळ त्याच्या बोटांवरून गेलं आणि दोन बोटं काडकन मोडली. सगळं खातं शांत झालं आणि त्यात मुकादमाचं गुरासारखं ओरडणं तेवढं ऐकू येत राहिलं.

बटण धाकटीनं दाबलं होतं. टोपी अजून तिच्या डोक्यावर होती.

तोफेच्या डोक्यात तिडीक गेली. जिच्यासाठी जिवावर उदार व्हावं तीच याला वाचवते म्हणजे काय? तिनं फर्मावलं की आत्ताच्या आत्ता पोरीला घे आणि आपल्या घरी चल. धाकटी बटणापाशीच उभी राहिली.

‘बोल की. दातखीळ बसली का?’ म्हणत तोफ पुढं झाली. केबल हातात होती आणि हात वर गेलेला. कदाचित ती मारणार नव्हतीही. पण धाकटी पळाली नाही की रडली नाही. ती वळली, पाठ पुढं केली, मान छातीत घातली, दोन्ही तळहात कानांवर ठेवले आणि डोळे मिटून उभी राहिली. हे सगळं इतकं सरावाचं होतं, की बघणाऱ्यांनी माना वळवल्या.

तोफेला ते उभं राहणं ओळखीचं होतं. ते मुकादमानं शिकवलेलं नव्हतं. धाकटी फ्रॉकात असल्यापासून अशीच उभी राहायची.

मार पडेना तेव्हा धाकटीनं डोळे उघडले.

‘ताई, त्यानं पहिल्यांदा मारलं तेव्हा मला नवल वाटलंच नाही,’ ती म्हणाली. ‘वाटलं, हे तर आपल्याला येतं.’ मग टोपी काढून तिनं घाम पुसला. ‘बटण त्याच्यासाठी नाही दाबलं. तू तुरुंगात गेली असतीस. पण मी त्याच्या घरी जाणार नाही, आणि तुझ्याही नाही.’

पांढऱ्या खोलीतली एक वयस्क सोबतीण मायलेकींना आपल्या घरी घेऊन गेली. मालकानं तोफेला आणि मुकादमाला, दोघांनाही घरी बसवलं. तोफ चार दिवस भेटेल त्याच्यापुढं तणतणत होती की केल्या उपकाराची जाणीव नाही, जन्म वाया गेला. मग तणतणणं आपोआप बंद पडलं. घर खायला उठायचं. एका संध्याकाळी, कपाळावरच्या टाक्यांसकट, ती सोबतिणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

धाकटीनं दार उघडलं, पण बाजूला सरकली नाही. ‘ये,’ ती म्हणाली, ‘पण हात मागं घेऊन.’

आयुष्यात कुणाचं न ऐकलेली ती बाई हात पाठीमागं गुंफून आत गेली. आतून भाची धावत आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि मावशी तिची फार लाडकी. ‘मावशी, उचल ना,’ म्हणत तिनं दोन्ही हात वर केले.

तोफेनं धाकटीकडं बघितलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिनं मान हलवली, नको म्हणून.

पोर हात वर करून उभी होती. तोफेनं आपले हात मागंच ठेवले.