खालून कापलेली बातमी

आमच्या सायंदैनिकात कुणीही मेलं की परिसरात हळहळ व्यक्त व्हायची. माणूस कोण, कुठला, त्याला ओळखणारे किती, याच्याशी काही देणंघेणं नसायचं. बातमीच्या शेवटी ती ओळ ठरलेलीच. निलोफर इनामदार उपसंपादक म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं चाकणच्या वार्ताहराला, ज्योतीरामला फोन लावला.

"हळहळ कोणी व्यक्त केली?"

"मॅडम, ते असंच लिहितात."

"पण तुम्ही बोललात कुणाशी?"

तो कुणाशीच बोलला नव्हता. निलोफरनं ओळ उडवली आणि त्या दिवसापासून आमच्या पेपरातली हळहळ संपली.

मी शेखर, पानं लावणारा. आलेल्या बातम्या संगणकावर रकान्यांत बसवायच्या, हे माझं काम. त्यामुळे मला बातमी वाचायची सवय नाही, मापायची आहे. आमचं ऑफिस चिंचवड स्टेशनजवळ, खाली स्पेअर पार्ट्सचं दुकान आणि वर आम्ही. दुपारी पानं छापायला जातात आणि त्याच्याही आधी पेपरची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर पोचलेली असते. स्टॉलवर पेपर कमी खपतो, मोबाइलवर मात्र गावोगाव फिरतो.

या धबडग्यात निलोफर एखाद्या शिस्तीच्या शिक्षिकेसारखी बसायची. "रस्ता खोदण्यात आला" असं दिसलं की विचारायची, "कोणी खोदला? उंदरांनी?" नव्या पोरांना सांगायची, करणाऱ्याचं नाव आधी लिहा, मग त्यानं काय केलं ते लिहा. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही, ते कोण म्हणालं ते सांगा. वाक्य वाचताना दम लागला तर ते वाक्य दोन माणसांचं आहे, त्यांना वेगळं काढा. पोरं तिला मागून "सीआयडी" म्हणायची. मीही म्हणायचो.

तिची आणखी एक तऱ्हा होती. बातमी तपासून झाली की ती हलक्या आवाजात वाचून दाखवायची, समोरच्या रिकाम्या खुर्चीला. सुरुवातीला मला वाटलं, बाईचा नट ढिला आहे. मग एकदा टपरीवर चहा पिताना तिनंच सांगितलं. काळेवाडीत तिच्या वडिलांचं, इकबालभाईंचं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नुसतं बोलता यायचं. शाळेतून आली की ही पोर टायरवर बसून पेपर वाचायची आणि ते टेम्पोखाली पडून ऐकायचे. वाक्य डोक्यावरून गेलं की गाडीखालून आवाज यायचा, "किसने किया बेटा, वो बोल." मग हिनं ते वाक्य सोपं करून पुन्हा सांगायचं.

"अब्बा गेले," ती म्हणाली, "पण अजून त्यांनाच वाचून दाखवते. त्या खुर्चीत बसतात."

मी हसलो नाही. कुणाचे वडील कुठे बसावेत, हे आपण कोण ठरवणार?

आता त्या दिवसाचं. चाकणजवळच्या कुरुळीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेस मशिनवर काम करणारा गणराज नावाचा तरुण मशिनमध्ये सापडून गेला. मूळचा हिंगोलीकडचा. ज्योतीरामनं बातमी पाठवली आणि खरं सांगतो, चांगली पाठवली होती. व्यवस्थापक म्हणाला, गणराज नियम मोडून चालू मशिनमध्ये वाकला. शेवटच्या परिच्छेदात गणराजच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं: मशिनमध्ये माणूस वाकला तर मशिन आपोआप थांबवणारा सेन्सर बंदच होता, आणि वरून मशिन तसंच चालवायला सांगितलं होतं.

पान बंद करायची वेळ आली आणि जाहिरात आली. कुण्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस. वर गॉगल लावलेले साहेब हात जोडून, खाली शुभेच्छुकांची लहान लहान मुंडकी. आमचे संपादक आणि मालक निरंजन सर स्वतः ती घेऊन आले आणि म्हणाले, "याच पानावर बसव." जाहिरात आली की बातमीनं अंग चोरायचं असतं. मी निलोफरला ओरडून सांगितलं की कुरुळीची बातमी उतू चालली आहे.

आमच्या धंद्यात जुना रिवाज आहे, खालून कापायचं. महत्त्वाचं वर लिहिलेलं असतं, तेव्हा जागा कमी पडली तर शेवटापासून डोळे मिटून छाटत यावं. निलोफरनंच हे नव्या पोरांना शिकवलेलं. तिनं शेवटचा परिच्छेद काढला. तरी एक ओळ बाहेर लोंबत होती. मग तिनं "असे व्यवस्थापकाने सांगितले" एवढे शब्द काढले आणि बातमी रकान्यात चपखल बसली. छापखान्यातून फोनवर फोन येत होते. ती बातमी तिनं खुर्चीला वाचून दाखवली नाही.

म्हणजे छापून काय आलं, तर गणराज नियम मोडून चालू मशिनमध्ये वाकला आणि मेला. आता हे कुणी म्हणत नव्हतं. आता ते झालेलंच होतं.

गणराजची आई, दुर्गाबाई, गावाकडं मुलाचं दिवसकार्य उरकून कुरुळीच्या खोलीवर परतल्या आणि मग आमच्याकडे आल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेला तो अंक. त्या निलोफरसमोरच्या खुर्चीत बसल्या. मीच त्यांना पाणी दिलं.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "शेजारणीनं वाचून दाखवलं. हे कोन म्हनलं, तेवढं इचारायला आले."

निलोफरनं अंक हातात घेतला. मग तिनं संगणकावर ज्योतीरामची मूळ बातमी उघडली आणि शेवटपर्यंत वाचली.

"मावशी, हे कारखान्याचा मॅनेजर म्हणाला होता."

"मंग त्याचं नाव कुठंय यात?"

"नाही."

"अँब्युलन्स गावात पोचायच्या आधी हे मोबाइलवर पोचलं व्हतं," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "खांदा द्यायला आलेली मानसं म्हनत व्हती, पोरगं आगाऊच व्हतं, पेपरात आलंय. माझं लेकरू आगाऊ नव्हतं, बाई. कोन म्हनलं तेवढं छापा, म्हंजे झालं."

निलोफर त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण नेमका कुणाचा ते कळेना.

त्यानंतर तिनं मोठ्यानं वाचणं बंद केलं. नजर सारखी समोर जायची आणि पटकन खाली यायची. एके दिवशी तिनं रद्दीतले गठ्ठे उचलून त्या खुर्चीवर रचले, पार पाठीपर्यंत. दुसऱ्या दिवशी गठ्ठे जमिनीवर होते, नीट एकावर एक. झाडलोट करणाऱ्या छबूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी नाही हात लावला, मला कंबर आहे का गठ्ठे उचलायला. निलोफरनं पुन्हा रचले. पुन्हा तेच. मग तिनं नाद सोडला.

"शेखरदादा," ती मला टपरीवर म्हणाली, "अब्बा यायचे बंद झालेत."

"मग बरंच की, आता तरी..." मी थट्टा करायला गेलो आणि तिचा चेहरा बघून थांबलो.

"दुसरं कोणीतरी बसतं. राखाडी शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. दवाखान्यात नंबरची वाट बघतात तसा बसतो, हात गुडघ्यांमध्ये धरून. बोलत काहीच नाही. मी मनातल्या मनात बातमी वाचली तरी तो ऐकतो. बातमी संपते, पण तो उठत नाही. पुढचं ऐकायचं असल्यासारखा बसूनच राहतो."

आम्ही गणराजचा फोटो छापला नव्हता. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी चहा तसाच टाकला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण त्या दिवसापासून त्या खुर्चीच्या बाजूनं जाताना मी अंग चोरून जायला लागलो, आणि मी एकटाच नव्हे. कुणी पाहुणा आला तर आम्ही त्याला दुसरी खुर्ची ओढून द्यायचो. का, ते कुणी विचारत नव्हतं.

कामाचा तर पार बोजवारा उडाला. निलोफरला कापताच येईना. दोन ओळी काढायच्या म्हटलं तरी ती वार्ताहराला फोन लावायची, याला विचारलं का, त्याला विचारलं का. पेपर रोज उशिरा निघायला लागला. तिनं ज्योतीरामला पुन्हा कुरुळीला पाठवलं. तो हात हलवत परतला. सेन्सरबद्दल बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्या प्लँटला हलवलं होतं आणि दुसरा फोन उचलत नव्हता. "भीती वाटते मॅडम त्यांना," ज्योतीराम म्हणाला. "पोटावर पाय येतो."

शेवटी ती निरंजन सरांकडे गेली. सर तसे वाईट नाहीत. घाबरट आहेत, पण पेपर चालवणारा माणूस घाबरट नसेल तर पेपर चालत नाही. त्यांनी लगेच कागदावर लिहून दिलं: 'सदर बातमीत अनवधानाने काही तपशील राहून गेला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"राहून गेला म्हणजे काय, सर?" निलोफर म्हणाली. "त्याची काय एसटी चुकली? मी कापला तो."

"अगं, खुलासे असेच लिहितात."

"यातून गणराजच्या आईला काय कळेल?"

सरांनी कागद परत घेतला. तिनं स्वतः लिहिलेला मजकूर पुढे केला. सर म्हणाले, हे छापलं तर कारखानदारांच्या जाहिराती जातील, उद्या नोटीस येईल. निलोफर म्हणाली, यात मी कारखान्यावर एकही आरोप केलेला नाही, कोण काय म्हणालं तेवढंच लिहिलंय. मग ती सरांना आपल्या टेबलापाशी घेऊन आली.

"मी वाचते. तुम्ही इथे बसून ऐका."

सरांनी त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. का कोण जाणे, ते बसले नाहीत. हात काढून घेतला आणि उभ्यानंच ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, "लाव पानात." त्या दिवशी मी कशालाही जागा कमी पडू दिली नाही.

दुपारी अंक आल्याबरोबर मी निलोफरला माझ्या गाडीवर बसवून कुरुळीला नेलं. हायवेला कंटेनरची रांग लागलेली, मोशीच्या पुढे तर आम्ही पायानं ढकलतच गेलो. दुर्गाबाईंची खोली एका चाळीत होती, पत्र्याची, पुढे सामाईक नळ. पहिल्या शिफ्टची पोरं नुकतीच परतलेली, कुणी नळावर, कुणी आडवी. दुर्गाबाईंनी आम्हाला चटई टाकून दिली.

निलोफरनं वाचलं:

"कुरुळी येथील कारखान्यात प्रेस मशिनवर काम करताना गणराज यांचा मृत्यू झाला. त्यांनी नियम मोडला, असे कारखान्याच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. आम्ही ते पाहिले नव्हते. तरीही आम्ही ते आमचे म्हणून छापले. मशिनचा सेन्सर बंद होता आणि तसेच काम करायला सांगितले होते, असे गणराज यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले होते. ते आमच्या बातमीत होते. जागा नाही म्हणून आम्ही ते कापले. चूक आमची आहे."

वाचून झालं. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात निलोफर म्हणाली, "मावशी, गणराज माझ्यासमोर येऊन बसतो. ऑफिसात. रोज."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पोटचं पोर गेलेल्या बाईला असं कोणी सांगतं का? पण दुर्गाबाई दचकल्या नाहीत. पुढे सरकल्या.

"कापडं कोनती असतात अंगावर?"

"राखाडी शर्ट. कंपनीचा."

"व्हय. त्याच शर्टावर गेला." त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "माझ्याकडं न्हाई आला. एकदाबी न्हाई. मी रोज वाट बघते, सपनात तरी यील म्हनून. न्हाई यायचा तो. शेजारीण वाचून दाखवीत व्हती ना बाई, तवा म्या बी म्हनलं व्हतं, असंल त्याचीच चूक. पेपरात आलंय म्हंजे असंल. आई असून म्हनलं."

निलोफर रडत होती. मी नळाकडे बघत बसलो.

दुर्गाबाई उठल्या, खोलीचं दार सताड उघडलं, आणि परत येऊन चटईवर बसल्या.

"पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं वाचा, बाई. प्रेसवर राहून राहून त्याला कमी ऐकू यायचं."