ठोसेबाईंचा वर्ग

नव्या पालकांना वाटायचं, ठोसे हे बाईंचं आडनावच आहे. एकानं तर पहिल्याच सभेत विचारलं होतं, "ठोसे म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" जुन्या पालकांनी हसू दाबलं आणि बाईंनी उत्तरादाखल स्वतःच्या चपट्या नाकावर बोट ठेवलं. कॉलेजात त्या बॉक्सिंग खेळायच्या. नाक मोडलं, बरगडी मोडली, तरी हटल्या नाहीत. शेवटी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवर मिळालेली कॉम्प्युटरची पदवी तोवर हातात होती. तिच्या जोरावर त्या पंख्यांच्या कारखान्याजवळच्या शाळेत लागल्या आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरांना कोडिंग शिकवू लागल्या.

शिकवायची रीतही त्यांचीच. सुरुवातीला कॉम्प्युटर बंदच असायचे. बाई वर्गाच्या मधोमध उभ्या राहून सांगायच्या, "मी यंत्र आहे. मला काडीची अक्कल नाही. सांगाल तेवढंच करीन." मग पोरं हुकूम सोडायची: चाल, वळ, खडू उचल. कुणी 'थांब' म्हणायला विसरलं की बाई सरळ जाऊन कपाटावर आदळायच्या आणि वर्ग हसून लोळायचा.

"चूक कुणाची?" बाई कपाळ चोळत विचारायच्या.

"सांगणाऱ्याची!"

समुद्रापलीकडच्या एका शाळेशी त्यांनीच ओळख काढली. तिथली शिक्षिका ताडासारखी उंच आणि बोलायला तुटक, पण पोरांवर जीव टाकणारी. आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग पडद्यावर भेटायचे. इकडे शाळा भरायची तेव्हा तिकडे सुटायची वेळ झालेली असे. दोन्ही वर्गांनी मिळून कॉम्प्युटरवर कासवाचा एक खेळ रचायला घेतला. जमिनीवर चालणारं कासव इकडच्या मुलांनी लिहायचं, पाण्यात पोहणारं तिकडच्यांनी. एकमेकांची भाषा पोरं झपाट्यानं शिकली. आधी शिव्या, मग आभार.

पुढच्या वर्षी उंच बाई सहा मुलांना घेऊन भेटीला येणार असं ठरलं, आणि नेमका त्याच हंगामात पंख्यांचा कारखाना बंद पडला. कारखान्याची मालक कंपनी पाहुण्यांच्याच देशातली. एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं आणि निम्म्या वस्तीच्या तोंडचा घास गेला. बाईंच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे बाप त्यात होते. बाईंचा धाकटा भाऊही होता. तो तिथे वेल्डिंग करायचा.

या भावाला बाईंनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. वडील लवकर गेले, आई शिवणकामात बुडालेली. बाईंनीच अंगणात वाळूचं पोतं टांगून त्याला ठोसे मारायला शिकवलं. पोरगा ताकदीचा, पण खोड एक: मारायच्या आधी डावा हात खाली सोडायचा. "हात वर! कुणीतरी जबडा काढून हातात देईल एक दिवस," बाई ओरडायच्या.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी बाई आईकडे गेल्या तेव्हा तो तिथे बसला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"ताई, त्यांना येऊ देऊ नकोस," तो म्हणाला.

"पोरं आहेत रे ती. आपल्या पोरांएवढी."

"आपल्या पोरांना काय मिळालं? कुलूप! आणि तू त्यांना हार घालणार?"

"त्या बाईनं लावलं का कुलूप?"

"मला नको शिकवूस." त्यानं खुर्ची लाथेनं उडवली. "उद्या काही झालं तर मला नावं ठेवू नकोस."

आईनं मशीन थांबवून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाईंना वाटलं, राग आहे, ओसरेल. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर दोन्हीकडची मुलं एकाच कॉम्प्युटरभोवती गोळा झाली होती. कासव नदीत उतरलं की गायब होत होतं आणि दोष कुणाचा यावरून हातवाऱ्यांची लढाई चालली होती. इतक्यात खाली काच फुटली. मग आरोळ्या, मग जिन्यावर बुटांचा धडधडाट. बाईंनी दाराला कडी घातली आणि उंच बाईला हातानंच खूण केली: मुलांना मागे घे.

कडी दुसऱ्याच लाथेला उखडली. दारातून पहिला आत आला तो धाकटाच. हातात लोखंडी पाइप, मागे कारखान्यातले चार-पाच जण.

"बाजूला हो, ताई."

"पाइप टाक."

त्यानं पाइप फिरवला. पहिला घाव एका पडद्यावर बसला, दुसरा त्याच्या शेजारच्या. काचा उडाल्या, पोरं किंचाळली. तिसरा कॉम्प्युटर टेबलासकट कोसळला, आणि त्याच्या आड पाहुण्यांमधली एक मुलगी लपली होती. ती त्याला दिसली नाही. पाइप खाली येतच होता. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज साऱ्या वर्गानं ऐकला. मुलगी ओरडलीसुद्धा नाही, नुसती तोंड उघडून बसली.

धाकटा ते पाहून गोठला. तेवढ्यात बाईंच्या डोळ्यांत रक्त उतरलं. तो वळला तेव्हा डावा हात खालीच होता. बाईंचा पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा जबड्यावर. जबडा तुटला, पाइप निसटला आणि धाकटा उताणा पडला. तिथे संपायला हवं होतं. पण बाई त्याच्या छातीवर गुडघा टेकून मारत राहिल्या. दात तुटून त्यांच्या बोटांत रुतला, तरी मारत राहिल्या. तो हात जोडत होता. त्याच्या एका साथीदारानं खुर्ची उचलून बाईंच्या कानावर हाणली तेव्हा त्या आडव्या झाल्या. आरोळ्या देत आलेल्या त्या साऱ्यांची आता पाचावर धारण बसली होती. मित्राला रक्ताच्या थारोळ्यात टाकून ते पळाले.

बाईंनी मान उचलली. त्यांची स्वतःची पोरं भिंतीला चिकटून उभी होती. आणि ती धाकट्याकडे नाही, बाईंकडे बघत होती.

मुलीच्या खांद्यात धातूची पट्टी बसवल्यावर पाहुणे आपल्या देशी परतले. बाईंना एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं. कोर्टात वकिलानं विचारलं, "हल्लेखोरांपैकी कुणाला ओळखता?" बाई म्हणाल्या, "जो पहिला आत आला तो माझा भाऊ." मागच्या बाकावरून आई उठून निघून गेली. त्यानंतर लेक घरी आली की ती मशीन अधिकच जोरानं चालवायची.

शाळेनं बाईंना ठेवून घेतलं. काही पालक पेढीवरच्या व्यापाऱ्यासारखे तोलूनमापून बोलत, काही जण येऊन हात धरत. वर्गात मात्र वेगळंच घडलं. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्याकडे दाखवायला हात उचलला आणि पुढच्या बाकावरच्या पोरीनं झटकन डोकं दोन्ही हातांखाली घेतलं. बाईंनी हात खाली घेतला. त्या दिवसापासून त्या फळ्यावरचं दाखवायचं असलं की मुलांमध्ये बाकावर जाऊन बसत आणि तिथूनच तोंडानं सांगत. यंत्र व्हायचा खेळ त्यांनी बंद केला. पडद्यावरची भेट पुन्हा सुरू झाली ती उंच बाईच्या हट्टानं. तिकडच्या काही आईबापांनी मुलं काढून घेतली, काहींनी नाही.

तुरुंगात धाकटा कितीतरी भेटींना बाहेरच आला नाही. शेवटी एकदा आला. जबडा वाकडा जुळला होता, शब्द एका बाजूनं सांडत होते. जाळीपलीकडे बसून तो बराच वेळ बाईंच्या हातांकडे बघत राहिला.

"त्या पोरीचा खांदा?" त्यानं विचारलं.

"जुळला. हात पुरता वर जात नाही अजून."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "ताई, मी दुसऱ्या ठोशातच पडलो होतो. पुढचे कशाला मारलेस?"

बाईंनी सबब शोधली नाही. "राग आला होता."

"मलाही तोच आला होता," तो म्हणाला.

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. उठता उठता धाकट्यानं विचारलं, आई बरी आहे का. बाई म्हणाल्या, "तू बोलावणं धाड, ती येईल. माझ्याबरोबर नाही येणार, पण येईल."