सासूबाईंचा मेडिक्लेम

आमच्या घरात सगळं सासऱ्यांच्या नावावर होतं. निजामपुऱ्यातलं घर, त्याला लागून असलेला लूमचा कारखाना, पूर्णा गावातली भातशेती, विजेचं मीटर, वाण्याचं खातं. एवढंच काय, माझ्या माहेरून आलेल्या स्टीलच्या डब्यांवरसुद्धा त्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. त्या डब्यांचा राग मला अजून आहे. माणूस वाईट नव्हता, पण घरात दुसऱ्या कुणाला नाव असू शकतं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे, त्यामुळे कुणाकडे काही काम असेल तर ते शुक्रवारीच निघायचं. विम्याचा एजंटही शुक्रवारीच यायचा. दरवर्षी सासरे त्याच्याकडून लूमचा आणि सुताचा आगीचा विमा उतरवायचे. त्या वर्षी त्याने पिशवीतून नवीन माहितीपत्रक काढलं. माणूस हॉस्पिटलात दाखल झाला तर खर्च भरून मिळेल असा विमा निघाला आहे, त्याला मेडिक्लेम म्हणतात, असं तो सांगू लागला.

"पुरुषांचं लिही," सासरे म्हणाले. "माझं, थोरल्याचं, धाकट्याचं."

थोरला म्हणजे माझा नवरा, धाकटा म्हणजे दीर. मी चहा घेऊन आले होते. कप ठेवले आणि विचारलं, "आणि बायकांचं काय, बाबा?"

"बायकांना काय होतंय? कमावतं माणूस झोपलं तर घर बसतं. चालू लूमचा विमा उतरवतात, बंद लूमचा कोण उतरवतो?"

आता, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या क्षणी आतल्या खोलीत चरख्यावर कांड्या भरत होत्या. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची ती सुताची कांडी भरली नाही तर लूम दोन घटकाही चालत नाही. आमच्या कारखान्याच्या निम्म्या कांड्या आई भरायच्या, अगदी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी ते बोलूनही टाकलं. सासऱ्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसले. 

एजंट बिचारा मध्ये सापडला. मी त्याच्याकडून ते पत्रक मागून घेतलं आणि शब्दकोश घेऊन रात्रीची भांडी आवरल्यावर वाचायला बसले. इंग्रजी असं की शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनाही घाम फुटावा. पण हळूहळू उलगडलं. विमा घ्यायच्या आधीपासून असलेलं दुखणं धरत नाहीत. बाळंतपण धरत नाहीत. काही ऑपरेशनं पहिल्या वर्षी चालत नाहीत. खर्च आधी आपण करायचा, मग बिलं लावून मागायचा. हॉस्पिटलला ठराविक खाटा हव्यात, कुठल्याही जिन्याखालच्या दवाखान्यात झोपून चालणार नाही. आणि एकदा घेतला की दरवर्षी खंड न पाडता चालू ठेवायचा.

पुढच्या शुक्रवारी मी एजंटला थांबवलं. नवऱ्याने आमच्या मुलीचं नाव स्वतःच्या पॉलिसीत घालायचं कबूल केलं होतं, माझ्या नावावर मात्र तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला. माझ्या पगारातून घरात द्यायचं देऊन जे उरे त्यात एकाच बाईचा हप्ता बसत होता. मी म्हटलं, आईंची पॉलिसी काढा, वेगळी, त्यांच्याच नावाने.

"ताई, तुमची काढा ना. हप्ता कमी बसेल," एजंट म्हणाला.

"मी तिशीतली आहे, त्या पन्नाशीच्या पुढे आहेत. गरज कुणाला आहे?"

मग तो हळूच म्हणाला की आईंची ब्लडप्रेशरची गोळी फॉर्मवर लिहायला नको, उगाच अडचण होते. मी त्याला असं काही सुनावलं की त्याने गोळीच्या नावासकट सगळं लिहिलं. ब्लडप्रेशरमुळे काही झालं तर पैसे मिळणार नाहीत, असं कंपनीचं उत्तर आलं. नाही तर नाही. बाकीच्या शरीराचा तर विमा होता! आईंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "माझ्यावर कशाला पैसं घालवतेस, पोरी? मना काय होत न्हाय."

पहिल्या वर्षी खरंच काही झालं नाही. सासऱ्यांनी तेवढ्यावरून माझी यथेच्छ चेष्टा केली. "पैसे पाण्यात गेले गं सूनबाई!" मी म्हटलं, "कारखान्याला यंदा आग लागली नाही, त्याचेही पाण्यातच गेले का?" घरात हशा पिकला. दीर तर हसू आवरेना म्हणून ताटावरून उठून गेला. पण मी पुढच्या वर्षीही हप्ता भरला, त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या वर्षी आईंच्या पोटात कळा येऊ लागल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे ओवा खाल्ला, गरम विटेने शेकलं आणि पुन्हा कांड्या भरायला बसल्या. एक दिवस चरख्यापाशीच आडव्या झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लागणार होतं. सासरे म्हणाले, आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे करू, ओळखीचा आहे. ओळख होती, पण खाटा किती होत्या? जेमतेम चार. मी हट्टच धरला, आणि शेवटी डॉक्टरच सासऱ्यांना म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलतायत. कल्याणला न्या, तिथे सोय चांगली आहे."

कल्याणला ऑपरेशन झालं. आई वाचल्या, आणि त्यातच मला सगळं मिळालं असं वाटलं. पण आईंना ते वाटत नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या त्या खर्चाचाच विचार करायच्या. मोसंबी सोलून दिली तर अर्धी परत करायच्या. "घरात लूमचा मोटर बिघडला होता, तो तसाच राह्यला आन् मी हिकडं आली," म्हणायच्या. मला रडू यायचं आणि संतापही यायचा. एका बाईला स्वतःचा जीव लूमच्या मोटरपेक्षा स्वस्त वाटावा!

घरी आल्यावर मी कागद लावून पाठवले. काही आठवड्यांनी ते सगळेच्या सगळे परत आले. सोबत पत्र: औषधांची बिलं रुग्णाच्या नावाची नाहीत.

मी बिलं उलटीपालटी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. दिराने औषधं, सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं सगळं कल्याणला न घेता निजामपुऱ्यातल्या मेडिकलमधून नेलं होतं. का? तर तिथे आपलं खातं आहे! आणि खातं अर्थातच सासऱ्यांच्या नावाचं. कागदोपत्री पित्ताशय आईंचं काढलं होतं आणि औषधं बाबांनी घेतली होती. दीर म्हणाला, "वहिनी, आपण कायम असंच घेतो ना?" खरंच होतं. त्या घरात कुणीही कधीही दुसऱ्या नावाने काही घेतलेलं नव्हतं.

सासरे शांतपणे म्हणाले, "झालं. आता यापुढे बायकांच्या विम्याचं नाव या घरात काढायचं नाही." दाराआड आई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली, जणू निकाल त्यांनाही मान्यच होता. मला त्या मान हलवण्याने जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी दिराला धरून मेडिकलवर गेले. मेडिकलवाले चाचा आमच्या गल्लीतले जुने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर केला.

"या अल्ला! मला वाटलं तुमचे सासरेच आजारी हायत. दोनदा तब्येत पुसली, ते बोलले, एकदम ठीक. मी म्हटलं, इतनी दवा खाके ठीक तो होना ही है!"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. कल्याणच्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या आणि त्यांवर आईंचंच नाव होतं. चाचांनी एकेक चिठ्ठी बिलाशी ताडून पाहिली.

"आईचं नाव काय लिहू, बेटा?" त्यांनी दिराला विचारलं.

दीर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला आईचं नाव पटकन आठवेना. मी सांगितलं. चाचांनी प्रत्येक बिलावर ते लिहिलं, शेजारी सही केली आणि वर दुकानाचा शिक्का मारला. मग मी एकटी एसटीने कल्याणला गेले आणि डॉक्टरांकडून पत्र आणलं की ही औषधं याच रुग्णाला दिली आहेत. विमा कचेरीतही मी स्वतः गेले. तिथल्या बाईंनी कागद लावून पाहिले आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे."

चेक आला त्या दिवशी मी शाळेतून घरी आले तर सासरे तो हातात धरून बसले होते. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यावर आईंचं नाव होतं, पूर्ण. "माझ्या खात्यात टाकू," ते म्हणाले. बँकेने नकार दिला. ज्यांच्या नावाचा चेक त्यांच्याच खात्यात जाईल, आणि आईंना खातं नव्हतं. मग सासरे स्वतः रिक्षा करून त्यांना बँकेत घेऊन गेले. मी बरोबर होते. आईंनी नवी साडी नेसली होती, फोटो काढायचा म्हणून केसांना तेल लावलं होतं. कारकुनाने नाव विचारलं तेव्हा सासरे सांगायला तोंड उघडणार तोच आईंनी स्वतः सांगितलं, अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरी येईपर्यंत पासबुक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

पुढे एजंट आला, असाच एका शुक्रवारी. सासरे बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी आपलं, मुलांचं सांगितलं, मग जरा घुटमळत म्हणाले, "आणि हिचं चालू ठेव."

आतला चरखा थांबला. आई बाहेर आल्या, केसांत सुताचा कापूस अडकलेला. त्यांनी पासबुक एजंटच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिचं बी नाव घाल. हिनं माझं घातलं, सोताचं न्हाय घातलं. पैसं मी भरते."

एजंटने सवयीने सासऱ्यांकडे पाहिलं.

"तिकडं काय बघतोस?" आई म्हणाल्या. "खातं माझं हाय."