दाजींच्या वाजणाऱ्या बाटल्या

वाळलेल्या रंगाची बाटली कुणी केराच्या डब्याकडे नेऊ लागलं, की सुरतेत कुठेही असले तरी आमच्या दाजींना ठसका लागायचा, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याकडून सुरतेला आले, साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये रंग कालवायला लागले आणि बघता बघता कलरमास्तर झाले. दिवसभर पिंपाने रंग कालवणाऱ्या माणसाने घरी आल्यावर तरी रंगाचं तोंड पाहू नये की नाही? पण छे! त्या वर्षांत आमच्या बायकांना फॅब्रिक पेंटिंगचं वेड लागलं होतं. उशीचे अभ्रे, टीव्हीवरचं कापड, फ्रीजच्या दांडीचं कव्हर, जे सापडेल त्यावर गुलाब. एकदा मी कतारगामच्या भर बाजारात घाम पुसायला रुमाल काढला, तर त्यावर बदक! या सगळ्या प्रतापात ॲक्रिलिक रंगांच्या चिमुकल्या काचेच्या बाटल्यांची झाकणं कुणी धड लावायचं नाही, रंग वाळायचे आणि मग बाटल्या दाजींच्या दवाखान्यात भरती व्हायच्या.

दवाखाना म्हणजे कोसाडच्या त्यांच्या घराची मागची गॅलरी. वेळ रविवार सकाळची, अंघोळ आणि देवपूजा झाल्यावरच. दाजी पाटावर मांडी घालून बसायचे आणि बाटलीत टाचणी टोचायचे. टाचणी रबरात रुतल्यासारखी अडकली, की खेल खलास. “गेला,” एवढंच म्हणून ते बाटली कागदात गुंडाळून लगेच बाहेर टाकायला लावत, कारण मेलेला रंग घरात ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. पण टाचणी दह्यातून फिरावी तशी फिरली, की त्यांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका. “मरेल नही शे, झोपेल शे!” असं आमच्या अहिराणीत ओरडायचे. मेलेला नाही, झोपलाय! मग कोमट पाणी एकेक थेंब. घाई केली की ओरडायचे. एकदा मी मदत करायला म्हणून दोन थेंब एकदम टाकले, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि अक्काकडे निरोप काय? “तुझ्या भावाला सांग, रंगाला पाणी पाजायचंय, बुडवायचं नाही.”

शेवटी बाटलीत दोन मणी टाकायचे आणि ती कानाशी धरून हलवायची. खुळखुळ वाजली तर रंग जिवंत. सुरुवातीला मण्यांऐवजी लोखंडी छर्रे टाकले होते, ते पांढऱ्या रंगात गंजले आणि शेजारच्या भाभींच्या चादरीवरची बगळ्यांची अख्खी रांग कावीळ झाल्यासारखी दिसू लागली. तेव्हापासून काचेचे मणी. मणी कुठले, तर अक्काच्या तुटलेल्या माळेचे. ती माळ आपोआप तुटली असं दाजी सांगायचे. अक्काचा अजून विश्वास बसलेला नाही.

तर अशा या धन्वंतरीच्या हातून त्यांच्याच लेकीच्या साखरपुड्याला चार दिवस असताना जे झालं, ते सांगायलाच हवं. भाचीने हट्ट धरला होता, “सासरची साडी मिळेपर्यंत पाटावर मी आईने रंगवलेलीच साडी नेसून बसणार.” अक्काने मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर समोरासमोर दोन मोर काढले. त्यांची निळाई दाजींनी स्वतः कालवलेली, कुठल्याच दुकानात न मिळणारी. मिलमध्ये ते प्रत्येक छटेच्या प्रमाणाची चिठ्ठी कापडाच्या तुकड्यासकट जपून ठेवायचे. घरी मात्र म्हणाले, “घरच्या रंगाला कसली आलीय चिठ्ठी!” एक मोर पूर्ण झाला, दुसऱ्याची नुसती रेघांची आकृती झाली आणि अक्काच्या लक्षात आलं की बाटलीतला रंग घट्ट झालाय.

“आत्ता उठवतो,” दाजी म्हणाले. झाकण वाटीतल्या पाण्यात टाकलं, दोन मणी सोडून बाटली पाण्याच्या पातेल्यात उभी केली आणि पातेलं मंद गॅसवर ठेवलं. जरा कोमट झालं की उतरवायचं, एवढंच. तेवढ्यात वाळलेल्या रंगाची बाटली घेऊन दारात भाभी आल्या. “भाई, आ कलर तो सुकाई गयो!” झालं! रोगी दारात आल्यावर दाजी थांबतात होय? ओट्याकडे पाठ करून त्यांनी भाभींना शिकवायला घेतलं. रंग तापवला की पक्का होतो, आमच्या मिलमध्ये छापलेला कपडा तापवूनच रंग पक्का करतात, म्हणून भाभी, रंगाची बाटली गॅसजवळ कधी म्हणजे कधी ठेवायची नाही! हे सगळं ते हातवारे करत सांगत होते आणि पाठीमागे पातेल्यातलं पाणी संपून तळ करपत होता. मी समोर बसून चहा पीत व्याख्यान ऐकत होतो, मलाही कळलं नाही. वास आला तो अक्काला.

दाजींनी फडक्यात धरून बाटली उचलली, कानाशी नेली आणि हलवली. वाजली नाही. पुन्हा हलवली. मणी आतच घट्ट बसले होते.

“तुमनं डोकं ठिकाने शे का?” अक्का कडाडली. भाची साडीची घडी उचलून आत निघून गेली. दाजींना ते जास्त लागलं. पुढचे दोन दिवस दाजींनी रजा टाकली आणि निळे-हिरवे रंग कालवत बसले. प्रत्येक रंग पहिल्या मोराशेजारी धरायचे आणि मान हलवायचे. जेवण नाही, दाढी नाही. तिसऱ्या दिवशी वाटीतलं झाकण आठवलं. त्याच्या आतल्या कडेला रंगाचं एक वळं होतं, आणि अजून मऊ! दाजींनी टाचणीने ते खरवडलं, ब्रशच्या टोकाने पाणी पाजलं, हरभऱ्याएवढा रंग जागा केला. तेवढ्या रंगात दुसऱ्या मोराची मान झाली. बाकी अंग अक्काने नव्या रंगाने भरलं, ते जरा हिरवट आलं ते आलंच.

साखरपुड्याला मुलाच्या आत्याबाईंनी पदर हातात घेऊन नेमकं विचारलं, “हे दोन मोर वेगळे कसे हो?” दाजी धोतराचा सोगा चुरगाळत खाली बघत होते. तर अक्का, जी चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती, ती पटकन म्हणाली, “एक माहेरचा, एक सासरचा. सुरुवातीला सारखे कसे असतील? पण मान बघा, जुळलीय.” आत्याबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिथेच आपल्या सुनेसाठी तशाच मोरांची मागणी केली. दाजी डोळे पुसत मला म्हणाले, “नव्या रंगाला वास फार आहे रे.” साडी वाळून दिवस झाला होता.

आता दाजी नाहीत. अक्काच्या कपाटात त्यांच्या बाटल्या त्यांनीच लावल्या तशा, झाकणातून हवा जाऊ नये म्हणून उलट्या, उभ्या आहेत. एरवी झाकण धड न लावणारी माझी बहीण दर रविवारी अंघोळ करून त्या एकेक हलवते आणि लागेल तिथे पाणी घालते. एकच थेंब. परवा मी मदतीला बसलो. सगळ्या वाजल्या. अगदी मागे एक होती, ती वाजेना. उजेडात धरली तर मोराची निळाई, तीच करपलेली, आत दोन मणी रुतलेले. मेलेला रंग घरात न ठेवणाऱ्या माणसाने इतकी वर्षं जपून ठेवलेली.

“अक्का, ही गेलीय गं. टाकू?”

तिने बाटली माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि जागेवर उलटी ठेवून दिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “झोपेल शे.”