मी ज्यांना भजने म्हटले

आखातातल्या सलमाबादच्या गॅरेजात मी गाड्यांच्या रंगकामाचा फोरमन आहे. माझ्या हाताखाली युगांडाचा एक माणूस रंगाआधीच्या घासकामाला होता. रत्नागिरीच्या कामगारांचे ऐकून तोही मला काका म्हणे. प्रायमरचा हात सुकेपर्यंत तो फोनवर रेगे संगीताचा एकच अल्बम लावी, क्रम न मोडता. आफ्रिकेने एक व्हावे, साखळ्या तोडाव्यात, अशी ती गाणी. अर्थ त्यानेच मला सांगितला होता.

त्याच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद मॅनेजरांच्या टेबलावर होते, तेव्हा कोणीतरी तक्रार केली. मॅनेजरांनी मला वर ऑफिसात बोलावले.

"राजकीय गाणी लावतो म्हणे. कसली आहेत ती?"

त्याची नोकरी माझ्या उत्तरावर होती. मी म्हणालो, "भजने आहेत. त्यांच्याकडची."

हे मला सर्वस्वी खोटे वाटले नाही. एकाने म्हणावे, बाकीच्यांनी उचलून धरावे, अधूनमधून देवाचे नाव यावे. कोकणातल्या माणसाला भजन ओळखायला एवढे पुरते.

मी त्याला जाऊन हे सांगितले. त्याने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

"भजनं नाहीत ती, काका."

"व्हिसा होईल तुझा."

"माझे आजोबा याच मागणीसाठी तुरुंगात गेले. ते देवाकडे मागत नव्हते."

"दोन मुली शाळेत आहेत तुझ्या. परत जाऊन काय करशील?"

"ते मी बघेन. साहेबांना तुम्ही सांगता, की मी जाऊ?"

मी थिनरने हात पुसले आणि पुन्हा वर गेलो. मॅनेजर कागदच चाळत होते.

"मघाशी मी चुकीचे सांगितले," मी म्हणालो. "ती भजने नव्हेत. गुलामीविरुद्धची गाणी आहेत. त्याच्या आजोबांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला आहे."

"इथल्या कोणाविरुद्ध काही आहे त्यांत?"

"नाही."

"काम अडतं?"

"नाही. घासकामात त्याच्याइतका चोख दुसरा माणूस माझ्याकडे नाही."

"मग हेच मघाशी का नाही सांगितलंत? इतकी वर्षं झाली तुम्हाला इथे."

तेच कारण होते. इतक्या वर्षांत विचारल्यावाचून बोलायचे नाही आणि विचारले तर निरुपद्रवी तेवढे बोलायचे, ही माझी सवय झाली होती. दुसऱ्याच्या गोष्टीलाही मी तीच लावली.

"घाबरलो," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. कागद ओढून त्यांनी सही केली आणि त्याला पासपोर्ट घेऊन वर पाठवायला सांगितले.