कपाटातलं जहाज

जिंतूरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभं राहून अण्णा म्हणाले होते, "न्हाई जमलं तर ये. शेत कुठं जात न्हाई." मी चिडलो होतो. बाकीच्यांचे बाप निघताना धीर देतात, आमच्या बापानं आधीच परतीची सोय सांगून ठेवली.

मी तेलवाहू जहाजावर पंपमन झालो. पोटात कच्चं तेल आणि पाठीवर नुसते पाईप, असं ते जहाज. घरी कितीही सांगितलं तरी कुणाच्या डोळ्यांपुढं काही येईना. मग कंपनीच्या ऑफिसातली, आमच्याच जहाजाची दीड हात लांब प्रतिकृती मोडीत निघाली, ती मागून घेतली आणि मांडीवर धरून गावी चारठाण्याला नेली. दोऱ्याएवढे पाईप, नखाएवढ्या शिड्या, मागच्या टोकाला तिरकी टांगलेली नारिंगी लाईफबोट. अण्णांनी खालच्या लाल भागावर बोट ठेवलं. "एवढं सगळं पाण्यात बुडालेलं? आन् तू वर झोपतूस?"

मायनं ते कपाटात मधल्या फळीवर ठेवलं आणि माझ्या नावानं डेकवर एक सरकी ठेवली. फोन लागला की पहिला प्रश्न, "कुठं हायस रे बाबा?" पंपापाशी म्हटलं की सरकी पंपापाशी, जेवायलोय म्हटलं की मागच्या केबिनांपाशी. लय हसायचो मी.

दोन वर्षांपूर्वी ओल्या डेकवर पडलो आणि गुडघा गेला. डॉक्टरनं जहाज बंद केलं. तुर्भ्यात पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपात लागलो, पण घरी सांगितलंच नाही. सांगितलं की अण्णांचं ते वाक्य येणार. खोटं कशाला बोलू, मला शेतात परतायचं नव्हतं. मशीनच्या खडखडाटात खुशाल सांगायचो, "डेकवर हाय, माय." गाव सोडलेल्यांनो, असलं काहीतरी तुम्हीही बोलला असालच.

औंदा गेलो तर सरकी जहाजावर नव्हती, बाजूला फळीवर होती. पडली असेल म्हणून मी ती उचलून डेकवर ठेवली. मायनं परत खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे. तू उतरलास की. आधी आठ-आठ दिस फोन लागत नव्हता, आता रोज लागायलाय. अण्णानंच उतरवली ती."

"मग बोलले का न्हाईत?"

"ते म्हणले, यायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं."

जेवताना अण्णा त्या शेतातल्या सोयाबीनबद्दल बोलत राहिले, शेजाऱ्याच्या पिकाबद्दल बोलावं तसे. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मी ताटात भाकरी नुसती चुरत बसलो.

निघताना ते जिंतूरपर्यंत आले. तसेच खिडकीशी उभे राहिले. मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं, "पाणी घेतलंस का?"

"घेतलं," म्हणालो. गाडी सुटली.

आता मायला फोनवर खरं ते सांगतो, तुर्भ्यात हाय, खोलीवर हाय. पण माझं घर कुठं, असं कुणी विचारलं तर मला अण्णांचं ते एक वाक्यच आठवतं. इतकी वर्षं मी त्याला भ्यालो. त्या दिवशी ते आलं नाही, तर परभणी येईपर्यंत रडत होतो.